ठसाचित्रांतील प्रवासिनी : एका प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

४ जून

आज कामाची रूपरेषा पक्की झाली. वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावरील लांब भिंतीवर जपानी लाकडी ठशांच्या चित्रांच्या मुद्रित प्रतिकृती मांडायच्या आहेत आणि विषय ठरला आहे तो प्रवासाला निघालेल्या, हौसेने नटलेल्या स्त्रियांचा. चोवीस चित्रे निवडली असून प्रत्येकाखाली साधारण ऐंशी शब्दांचे मराठी टिपण लागेल. ही टिपणे लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे, आणि काम पुढे सरकेल तशा या नोंदी ठेवणार आहे.

बहुतेक चित्रे एदो काळातील, म्हणजे १६०३ ते १८६८ या कालखंडाच्या उत्तरार्धातील आहेत. एदो म्हणजे आजचे तोक्यो. तेथून क्योतोला जाणारा तोकाइदो हा सुमारे पाचशे किलोमीटरचा रस्ता आणि त्यावरचे त्रेपन्न मुक्काम हा या चित्रकारांचा आवडता विषय होता, तसाच 'बिजिन-गा', म्हणजे सुंदर स्त्रियांची चित्रे, हाही होता. आपल्या भिंतीवर हे दोन्ही विषय एकत्र येतात. पहिल्या मसुद्यात मी सरळ लिहून टाकले होते की या स्त्रिया निर्धास्तपणे देशभर हिंडत होत्या. रात्री तेच वाक्य पुन्हा वाचताना त्याला आधार काय, हा प्रश्न पडला आणि उत्तर सापडले नाही. चित्रात डोंगर आहे, रस्ता आहे, छत्री आहे. पण चित्रातली स्त्री खरोखर त्या रस्त्याने गेली होती का, हे आधी पाहिले पाहिजे.

९ जून

आज हिरोशिगे या चित्रकाराचे हारा मुक्कामाचे चित्र मोठे करून टेबलावर पसरले. हे त्याच्या १८३३-३४ सुमाराच्या, प्रकाशकाच्या नावावरून होएइदो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तोकाइदो मालिकेतले आहे. सकाळची वेळ, शेतात दोन करकोचे, रस्त्यावर दोन स्त्रिया आणि त्यांचे सामान वाहणारा एक गडी. मागे फुजी पर्वत इतका उंच काढला आहे की त्याचे शिखर चित्राची वरची चौकट ओलांडून समासात गेले आहे. गड्याच्या अंगरख्यावरची नक्षी भिंगातून पाहिली, तर ती नुसती नक्षी नाही: चित्रकाराने स्वतःच्या नावातली 'हिरो' ही अक्षरे तिच्यात गुंफली आहेत.

वाचनालयात शिवणकामाचा वर्ग घेणाऱ्या बाई सहज डोकावल्या आणि तासभर थांबल्या. मी चेहरे पाहत होतो. त्यांनी सगळ्या चित्रांत प्रथम कपड्यांचा घेर पाहिला. त्यांचे म्हणणे असे की लांब चालायचे असेल तर कोणतीही बाई ओचे खोचल्याशिवाय घराबाहेर पडणार नाही, तेव्हा वस्त्र खोचलेले आहे की जमिनीवर लोळते आहे, एवढ्यावरून ही बाई चालणारी की नुसती उभी राहणारी हे कळावे. ही कसोटी मला फार मोलाची वाटली. जपानी प्रवासिनी किमोनो कमरेपाशी वर ओढून दोरीने बांधत, त्यावर धुळीपासून जपणारा साधा सुती झगा चढवत, पोटऱ्यांना 'क्याहान' आणि मनगटांना 'तेक्को' नावाची आच्छादने बांधत, केसांवर 'तेनुगुई' हा सुती फडका किंवा गवती टोपी घेत आणि पायांत बंदांनी बांधायच्या गवती चपला घालत. बाईंच्या कसोटीने चोवीस चित्रे लावून पाहिली, तर नऊ चित्रांतल्या स्त्रिया चालण्याच्या तयारीत नाहीत, असे दिसले.

१४ जून

आज रस्त्यावरच्या तपासणी नाक्यांविषयी वाचन केले, आणि पहिल्या मसुद्यातला 'निर्धास्तपणे' हा शब्द कायमचा काढून टाकला.

सरदारांनी आळीपाळीने एदोत येऊन राहावे, ही पद्धत १६३५ मध्ये नियमबद्ध झाली. सरदार स्वतः आपल्या मुलखात परत जाऊ शकत असे, परंतु त्याची पत्नी आणि मुले एदोतच राहत. ती एक प्रकारे ओलीसच होती. सरदाराने बायकोमुलांना गुपचूप हलवले, तर तो बंडाच्या तयारीत आहे असे समजले जाई. म्हणून हाकोनेच्या डोंगरातल्या नाक्यावर एदोतून बाहेर जाणाऱ्या स्त्रियांची कसून तपासणी होत असे. 'आत येणाऱ्या बंदुका आणि बाहेर जाणाऱ्या स्त्रिया' अशी म्हणच तेव्हा रूढ होती. भीती सरदारांच्या बायकांची, पण जाच मात्र तीर्थयात्रेला निघालेल्या व्यापाऱ्याच्या सुनेलाही होई, कारण परवाना सर्वच स्त्रियांना लागे.

या परवान्याला जपानीत 'तेगाता' म्हणतात. मराठीत काय म्हणावे यावर बराच विचार केला. 'पासपोर्ट' हा शब्द फार आजचा वाटतो आणि 'परवाना' फार मोघम. शेवटी 'दस्तक' हा शब्द घेतला. मराठेशाहीतल्या कागदांत वाटेवरच्या चौक्यांवरून सुखरूप जाऊ देण्याविषयीच्या लेखाला हाच शब्द येतो, आणि जुनी पत्रे वाचणाऱ्या वाचकाला तो अजून परिचयाचा आहे.

या दस्तकात स्त्रियांची संख्या, पालख्या किती, निघण्याचे आणि पोहोचण्याचे ठिकाण यांबरोबर तिच्या केसांचे वर्णन असे. मुंडन केलेली जोगीण आहे, की केस कापलेली बाई, की लहान मुलगी, हे लिहिलेले असे, आणि नाक्यावर तपासणीसाठी नेमलेल्या स्त्रिया प्रत्यक्ष केस चाचपून लेखाशी ताडून पाहत. मला हे वाचून थबकायला झाले. ठसाचित्रांत सर्वांत कौतुकाने, सर्वांत बारकाईने रेखाटलेली गोष्ट म्हणजे स्त्रीचा केशसंभार. नाक्यावर तिची ओळख पटवली जाई, ती त्याच केसांवरून. आता सगळ्या भिंतीचा धागा हाच ठेवायचा, असे मनाशी ठरवले.

१७ जून

नाक्यावरचा अनुभव एखाद्या स्त्रीच्या लेखणीतून मिळावा, अशी इच्छा होती, आणि तो मिळाला. इनोउए त्सूजो (१६६०-१७३८) ही मारुगामे येथील एका विद्वान सामुराईची मुलगी. १६८१ मध्ये तेथील सरदाराच्या मातोश्रींच्या सेवेत रुजू होण्यासाठी ती तोकाइदोने एदोकडे निघाली. हामाना सरोवराच्या काठी आराई येथील नाक्यावर तिला अडवण्यात आले, कारण तिच्या दस्तकात 'स्त्री' एवढेच लिहिले होते. तिच्या अंगावरच्या किमोनोची बाही काखेखाली उघडी होती, आणि अशी बाही अविवाहित तरुणी घालत. म्हणजे दस्तकात 'उघड्या बाहीची मुलगी' असे असायला हवे होते. एवढ्या एका शब्दासाठी नवे दस्तक आणायला ओसाकाला माणूस पाठवावा लागला आणि तो परत येईपर्यंत तिला तिथेच थांबून राहावे लागले. १६८९ मध्ये ती एदोहून परतली, तेव्हाच्या वर्णनात हाकोनेची तपासणी येते: राकट आवाजाची, दणकट, वयस्क बाई जवळ येऊन तिचे केस विंचरल्यासारखे हातांनी उलगडून पाहते.

शिवणकामाच्या बाईंना हे सांगितले. त्या म्हणाल्या, "बाहीची शिवण चार बोटं उघडी राहिली म्हणून बाई अडते, हे मला नवीन नाही, पण ती सरकारी कागदावर चढते, हे नवीन आहे." त्यांचे हे वाक्य टिपणात घेण्याची त्यांनी परवानगी दिली आहे.

त्सूजोचा काळ आपल्या चित्रांच्या पुष्कळ आधीचा आहे, हे टिपणात स्पष्ट लिहिले पाहिजे. नाके मात्र चित्रांच्या काळातही होतेच. हाकोने हा तोकाइदोवरचा दहावा मुक्काम आणि हारा तेरावा. हारापाशी मान वळवून फुजीकडे पाहणारी ती स्त्री एदोहून निघालेली असेल, तर तिचे केस एकदोन दिवसांपूर्वीच कुणीतरी चाचपून पाहिलेले आहेत. हे लक्षात आल्यापासून मला त्या चित्रातली मोकळी सकाळ अधिक मोकळी वाटते.

२३ जून

आज सर्वांत अवघड निर्णय घेतला. नऊ चित्रे प्रवासाची नव्हेत, असे मी म्हटले होते. त्यांतली सहा 'मिताते' प्रकारची आहेत. जुन्या प्रसंगातली पात्रे काढून त्यांच्या जागी आपल्या काळातली माणसे बसवायची, अशी ही रीत आहे. नवव्या शतकातला कवी आरिवारा नो नारिहिरा पूर्वेकडे जाताना फुजी पाहतो, हा प्रसंग जपानी वाचकाच्या मनात कोरलेला होता. हारुनोबु या चित्रकाराने आणि पुढे उतामारोने (मृत्यू १८०६) त्या प्रवासात समकालीन सुंदरी आणून बसवल्या. उतामारोचे तीन पानी चित्र पाहताना रेशमी वस्त्रांच्या घड्या नजरेला धरून ठेवतात आणि फुजी जवळजवळ निमित्तापुरता उरतो.

अशा चित्रांतल्या सौंदर्याचा नमुना पुष्कळदा योशिवारातल्या गणिकांचा असे. योशिवारा ही एदोची परवानाप्राप्त वेश्यावस्ती. तिच्याभोवती खंदक होता आणि ये-जा एकाच मोठ्या दरवाजातून होई. करारात अडकलेल्या तिथल्या स्त्रियांना बाहेर पाऊल टाकण्याचीही मोकळीक नव्हती. म्हणजे आपल्या भिंतीवर ज्या सर्वांत थाटात प्रवासाला निघालेल्या दिसतात, त्यांच्या वाट्याला प्रवास जवळजवळ आलाच नाही. ही चित्रे काढून टाकावीत, असे सहकाऱ्याचे मत होते. मला ते पटले नाही. ती ठेवली पाहिजेत, पण वेगळ्या गटात, आणि टिपणात वस्त्रांच्या वर्णनाआधी खंदकाचा उल्लेख आला पाहिजे. बऱ्याच चर्चेनंतर चार चित्रे ठेवायची, दोन वगळायची असे ठरले.

२६ जून

आज रंगांवर थोडे काम झाले. अठराव्या शतकातल्या चित्रांतला मंद तपकिरी-पिवळा सूर हा चित्रकाराच्या अभिरुचीचा भाग आहे, असे माझ्या एका टिपणात होते, ते खोडले. त्या काळातला निळा रंग एका रानफुलाच्या रसाचा आणि लाल करडईच्या फुलांचा असे, आणि जांभळा बहुधा या दोहोंच्या मिश्रणाचा. हे रंग उजेडात लवकर उडतात. आज राखाडी दिसणारी ओढणी मुळात जांभळी असू शकते. १८३० च्या सुमारास युरोपातून आलेला प्रशियन निळा सर्रास वापरात आला. तो टिकतो, म्हणून हिरोशिगेचे आकाश अजून निळे आहे आणि त्याच्या आधीच्या पिढीतल्या स्त्रियांची वस्त्रे विटलेली दिसतात.

१ जुलै

कुनिसादा आणि एइसेन यांची सात चित्रे आज पाहून झाली. कुनिसादाने १८३० च्या दशकात काढलेल्या तोकाइदो मालिकेत पुढे एक मोठी, तालेवार स्त्री आणि मागे त्या मुक्कामाचा देखावा अशी मांडणी आहे, आणि पुष्कळ देखावे हिरोशिगेच्या होएइदो मालिकेतूनच उचललेले आहेत. एइसेनच्या १८४० च्या दशकातल्या 'बिजिन तोकाइदो' मालिकेचीही हीच रीत आहे. बाईंच्या कसोटीने यांतल्या काहीजणी कुठेच निघालेल्या नाहीत. मुक्कामाचे नाव हा त्यांच्या किमोनोला जोडलेला दागिना आहे. गिऱ्हाइकाला एका नाण्यात नवी वेशभूषा आणि दूरचा डोंगर दोन्ही मिळत होते, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. ज्यांना नाका ओलांडता येत नव्हता, त्यांनाही हे चित्र विकत घेता येत होते.

ओई नदीच्या चित्राने मात्र दुपार खाल्ली. या नदीवर पूल नव्हता, होडीही नव्हती. शिमादा आणि कानाया या दोन मुक्कामांमधले पाणी हमालांच्या खांद्यावर बसून किंवा 'रेन्दाई' नावाच्या लाकडी चौपाईवर बसून ओलांडावे लागे. एका माणसाच्या साध्या चौपाईला चार हमाल लागत. दर पाण्याच्या खोलीवर ठरत आणि पाणी सुमारे १३६ सेंटिमीटरच्या वर गेले की पार होणे बंद होऊन प्रवासी काठावरच दिवस मोजत बसत. ठसाचित्रांत हा प्रसंग पुन्हा पुन्हा येतो, कारण वर रेशीम आणि खाली उघडे हमाल असा देखावा एकाच चौकटीत मिळतो. टिपणात मी पाण्याची खोली लिहिली आहे. ती कळली की चौपाईवरच्या बाईच्या हाताची पकड वेगळी दिसू लागते.

८ जुलै

आज जे चित्र हाती लागले, त्याच्यासाठी पूर्ण भिंत पुन्हा मांडावी लागली तरी चालेल.

हिरोशिगेचे एनोशिमाचे हे तीन पानी चित्र साधारण १८५० च्या सुमाराचे आहे. एनोशिमा हे फुजिसावाजवळचे छोटे बेट आणि तिथली देवता बेन्झाइतेन. ही आपली सरस्वतीच: 'सुवर्णप्रभास' या बौद्ध सूत्राबरोबर चीनमार्गे ती जपानात पोहोचली, हातातली वीणा तिथे 'बिवा' झाली, आणि वाणी, संगीत, वाहते पाणी यांच्याशी तिचे नाते तसेच राहिले. एनोशिमाला दर सहा वर्षांनी, प्राण्यांच्या नावांच्या बारा वर्षांच्या चक्रातल्या सर्पवर्षात आणि वराहवर्षात, देवीच्या दर्शनाचा मोठा सोहळा होई; १८५१ हे वराहवर्ष होते. चित्राच्या पुढच्या भागात फेसाळणाऱ्या लाटा आहेत आणि त्यांच्या काठाने स्त्रियांचे जथेच्या जथे देवीच्या गुहेकडे चालले आहेत. एका जथ्यातल्या सगळ्याजणींची वस्त्रे एकसारखी, छत्र्या एकसारख्या, आणि छत्र्यांवर चिन्हे. सहकाऱ्याने विचारले की ही कसली चिन्हे, तेव्हा मीही प्रथम प्रकाशकाची जाहिरात असावी असे समजलो होतो. ती संगीताच्या घराण्यांची चिन्हे आहेत: कियोमोतो, तोकिवाझू, तोमिमोतो आणि नागाउता. शहरात शामिसेन हे तीन तारांचे वाद्य आणि गायन शिकवणाऱ्या बाया आपापल्या शिष्यांना घेऊन विद्येच्या देवीला निघाल्या आहेत.

आणि आता नकाशा पाहावा. फुजिसावा हा सहावा मुक्काम, एदोहून सुमारे पन्नास किलोमीटरवर. हाकोने दहावा. एनोशिमाचा फाटा नाक्याच्या अलीकडेच फुटतो. म्हणजे दस्तक नको, केसांची तपासणी नको, ओसाकाला माणूस धाडणे नको. गुरूने दिवस ठरवावा, सारख्या कापडाचे किमोनो शिवून घ्यावेत आणि निघावे. नटणे आणि प्रवास या दोन गोष्टी महिनाभर माझ्या हातात एकमेकींपासून निसटत होत्या. इथे त्या खरोखर एकत्र चालताना दिसतात. एकसारखे किमोनो हा चित्रकाराच्या कल्पनेचा थाट नव्हे, तो त्या जथ्यांचा स्वतःचा थाट आहे. हे टिपण ऐंशी शब्दांत बसणार नाही आणि मी ते बसवणारही नाही.

वाटेत एक मोह टाळला. 'वारी' हा शब्द लेखणीच्या टोकावर आला होता. वारीला नेम असतो, पिढ्यान्पिढ्यांचा वसा असतो, आणि हे दर्शन सहा वर्षांनी एकदा, सहलीच्या आनंदात होणारे आहे. म्हणून 'देवदर्शनाची सहल' असेच लिहिले.

१३ जुलै

केसांवरचा छोटा फलक आज पूर्ण झाला. चित्रकार कागदावर रेखाटन देई, परंतु कपाळाशी असलेली केसांची बारीक कड तो प्रत्येक रेघेनिशी काढत नसे. ते काम खोदकाराचे. कारखान्यात चेहरा आणि केस कोरणारा सर्वांत अनुभवी कारागीर असे, आणि वस्त्रे, झाडे, अक्षरांभोवतीचा भाग नवशिके कोरत. जपानी रानचेरीच्या कठीण लाकडात केसाएवढी बारीक, उठावाची रेघ उरवायची म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून टाकायचे. फलकासाठी उतामारोच्या एका चेहऱ्याचा कानशिलाजवळचा भाग दहापट मोठा केला आहे. त्यातल्या रेघा एकमेकींना कुठेही चिकटत नाहीत. याच्या शेजारी हाकोनेच्या तपासणीचे टिपण लावायचे आहे, आणि दोन्हींमध्ये कोणतेही जोडवाक्य लिहायचे नाही, असे ठरवले.

१९ जुलै

छापखान्याकडून नमुने आले. रंग चांगले उतरले आहेत, पण हाराच्या चित्राचा समास 'नीटनेटका' करण्यासाठी चौकटीवरून कापून टाकला आहे, आणि त्याबरोबर फुजीचे शिखरही गेले. उरलेला पर्वत इतर कोणत्याही डोंगरासारखा दिसतो. मला फार वाईट वाटले, कारण त्या स्त्रीने मान वळवून जे पाहिले, तेच आपण कापले. चूक माझीही आहे: समासासकट छापावे, ही सूचना मी तोंडी दिली होती, कागदावर दिली नव्हती. आज सर्व चित्रांसाठी लेखी सूचना, बाहेरच्या कडेच्या मापांसह, पाठवली. छापखान्याच्या माणसाने कुरकुर न करता पुन्हा छापून देण्याचे कबूल केले.

२४ जुलै

हाराची नवी प्रत आली. शिखर जागेवर आहे. अंतिम मांडणीत बावीस चित्रे राहिली. जिन्यावरून वर येताच हारा दिसेल, मग नाका आणि केसांचा फलक, मग योशिवाराचा वेगळा गट, त्यानंतर कुनिसादा, एइसेन आणि ओई नदी. सर्वांत शेवटी, खिडकीच्या बाजूच्या रुंद जागेत, एनोशिमा. त्याची तीन पाने मूळ मापाची, प्रत्येकी साधारण ३८ बाय २५ सेंटिमीटरची, एकमेकांना लागून लावली आहेत आणि मुलांना छत्र्यांवरची चिन्हे दिसावीत म्हणून नेहमीपेक्षा वीतभर खाली घेतली आहेत.

हाराखालचे टिपण शिवणकामाच्या बाईंनी मोठ्याने वाचून दाखवले आणि एक शब्द बदलायला सांगितला. मी 'दोन सुंदर स्त्रिया' असे लिहिले होते. आता तिथे 'चालणाऱ्या दोन स्त्रिया' असे आहे. उद्या सकाळी नऊ वाजता शिडी घेऊन गडी येणार आहे. खिळ्यांची उंची पेन्सिलीने भिंतीवर आजच आखून ठेवली आहे.